वाचक विचारतात : बडोद्याहून कोलकात्याच्या डर्बीला

मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल या कोलकात्यातील दोन जुन्या क्लबांच्या सामन्याला फुटबॉलप्रेमी नुसते ‘डर्बी’ म्हणतात. हा सामना प्रत्यक्ष पाहण्यासाठी मित्रांबरोबर जाण्याचा बेत आखणाऱ्या, किंवा घरातले कोणी असा बेत आखत असल्यामुळे चिंतेत पडलेल्या बडोद्यातील वाचकांच्या पत्रांना या वेळचे सदर दिले आहे.

प्रश्न : आम्ही सात मित्र शाळेत असल्यापासून पोलो मैदानावर एकत्र फुटबॉल खेळत आलो आहोत. कोलकात्याची डर्बी एकदा तरी मैदानात बसून पाहावी, अशी सर्वांची इच्छा आहे. रेल्वेने जावे की विमानाने, तिकिटे केव्हा काढावीत आणि किती दिवस हाताशी ठेवावेत? घरी तारखा आत्ताच सांगून टाकायच्या आहेत, म्हणजे ऐनवेळी कोणी मोडता घालणार नाही.
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करावी लागेल. तारखा घरी एवढ्यात सांगू नका. डर्बीचे वेळापत्रक जाहीर होणे वेगळे आणि ती डर्बी त्याच दिवशी, त्याच मैदानावर होणे वेगळे. १८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरँड कप या जुन्या स्पर्धेतील डर्बी ठरलेली होती, परंतु आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर युवतीच्या हत्येनंतर शहर पेटून उठले असताना सुरक्षेच्या कारणावरून ती आदल्या दिवशी रद्द करण्यात आली. सामना ठरला होता त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर एकत्र जमले आणि त्यांनी मिळून न्यायाची मागणी केली, हा भाग इतिहासात नोंदवण्यासारखा असला, तरी दुरून तिकीट काढून आलेल्यांना सामना मिळाला नाही तो नाहीच. पुढे ११ जानेवारी २०२५ ची इंडियन सुपर लीग या देशातील अव्वल साखळी स्पर्धेतील डर्बी झाली, पण गुवाहाटीत. कारण गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळे कोलकात्यात सामन्यासाठी पुरेसे पोलीस उपलब्ध होणार नव्हते. हावड्याहून गुवाहाटी रेल्वेने हजारएक किलोमीटर दूर आहे. त्यानंतर २०२५ मध्ये तर व्यावसायिक हक्कांच्या कराराचा तिढा न सुटल्यामुळे लीगचा अख्खा हंगामच लांबणीवर पडला.

म्हणून पैसे गुंतवताना एक क्रम पाळावा. ज्या रकमेतला बराचसा भाग परत मिळू शकतो ती आधी गुंतवावी आणि जी एकदा दिली की गेलीच, ती सर्वांत शेवटी. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती) आणि ते जितके लवकर रद्द करावे, तितकी कपात कमी होते. त्यामुळे ते वेळापत्रक हाती येताच करून ठेवावे. खोली घेताना विनाशुल्क रद्द करण्याची सोय असलेलीच घ्यावी, मग ती शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडली तरी चालेल. सामन्याची तिकिटे बहुधा सामन्याच्या काही दिवस आधीच विक्रीला येतात, तेव्हा त्यांच्यासाठी आधीपासून तळमळण्यात अर्थ नाही. विमानाचे तिकीट काढायचेच असेल, तर पोलीस परवानगी मिळाल्याची बातमी कोलकात्याच्या वृत्तपत्रांत वाचल्यावरच काढावे.

आणखी एक खातरजमा आधी करावी, ती म्हणजे डर्बी कोणत्या स्पर्धेतली आहे याची. इंडियन सुपर लीग आणि ड्युरँड कप या स्पर्धांत दोन्ही क्लब सहसा आपला मुख्य संघ उतरवतात. कलकत्ता फुटबॉल लीगमध्ये मात्र अलीकडे बहुतांशी तरुण, राखीव खेळाडू खेळतात आणि तो सामना कधीकधी कोलकात्याबाहेर कल्याणीसारख्या ठिकाणी होतो. त्या सामन्याचीही एक गोडी आहे. परंतु टीव्हीवर ज्यांना ओळखता, ते चेहरे पाहण्यासाठी दोन हजार किलोमीटर जाऊन समोर वेगळेच अकरा जण दिसले, तर हिरमोड होणारच.

आता प्रवासाविषयी. अहमदाबाद–हावडा एक्स्प्रेस बडोद्याला मध्यरात्र उलटल्यावर येते, आणि नवख्या मंडळींची पहिली फजिती इथेच होते. २५ तारखेला रात्री जेवून घराबाहेर पडायचे असेल, तर तिकिटावर २६ तारीख असायला हवी. सुरत, नंदुरबार, भुसावळ, अकोला, नागपूर, रायपूर, बिलासपूर, टाटानगर, खरगपूर अशी ही गाडी दीड दिवसाने दुपारच्या सुमारास हावड्याला पोचते. वाटेत अख्खा खानदेश आणि विदर्भ दिवसाउजेडी लागतो. आपल्याकडच्या कित्येक घरांची एखादी आत्या किंवा मावशी भुसावळला नाहीतर अकोल्याला असते, आणि भाचा सहा मित्रांसह गाडीत आहे हे कळल्यावर ती फलाटावर पोळीभाजी आणि ठेचा घेऊन आल्याशिवाय राहत नाही. तेव्हा कोच क्रमांक तेवढा तिला आदल्या दिवशी कळवून ठेवावा. एका तिकिटावर सहापेक्षा जास्त प्रवासी घेता येत नाहीत. सात जणांचे सहा आणि एक असे भाग पाडू नयेत, चार आणि तीन असे पाडावेत. एकटे निघालेले तिकीट प्रतीक्षायादीत अडकले, तर उरलेल्या सहांच्या प्रवासाचाही विरस होतो.

परतीची गाडीही हावड्याहून रात्री उशिरा सुटते आणि सामना साडेसातला सुरू झाला, तरी तिला गाठता येईल असे वेळापत्रक पाहून वाटते. तसे करू नये. सामना संपल्यावर साठ हजार माणसे एकाच वेळी बाहेर पडतात, आणि त्या गर्दीतून सात जणांनी सामान घेऊन हावडा गाठणे हा स्वतंत्र सामना होईल. सामन्याची रात्र कोलकात्यातच काढून दुसऱ्या रात्रीची गाडी धरावी. जाताना आणि येताना रेल्वे, मध्ये तीन दिवस, असा हिशेब केला तर आठवडा मोडतो. एवढी रजा नसेल, तर जाताना रेल्वे आणि येताना कोलकाता–अहमदाबाद विमान हा मध्यममार्ग मला पसंत आहे. जाताना गप्पांना वेळ हवा असतो, येताना बहुतेकांचा घसा बसलेला असतो.

कोलकात्यात उतरल्यावरचा प्रवास मात्र आता फार सोपा झाला आहे. हुगळी नदीखालून जाणारी मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मधला तुटलेला टप्पा जोडला गेल्यापासून हावडा स्थानकातून गाडी न बदलता थेट ‘सॉल्ट लेक स्टेडियम’ या, डर्बीच्या मैदानाजवळच्या, स्थानकापर्यंत जाता येते. खोली या मार्गावरच, सियालदहच्या आसपास घेतली, तर स्टेडियम आणि हावडा दोन्हीकडे जाणे सोयीचे पडते.

प्रश्न : माझा मुलगा एकवीस वर्षांचा असून महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकतो. मित्रांबरोबर डर्बीला जाण्याचा त्याचा हट्ट आहे. या सामन्यात पूर्वी माणसे दगावली होती, असे माझ्या वाचनात आले आहे. त्याला पाठवावे का?
— एक आई, वाघोडिया रोड

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, आणि ते मुलालाही ठाऊक असायला हवे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन क्लबांमध्ये कलकत्ता लीगचा सामना चालू असताना मैदानातील खेळाडूंच्या झटापटीचे लोण प्रेक्षकांत पसरले आणि चेंगराचेंगरीत १६ फुटबॉलप्रेमींचा मृत्यू झाला. त्या दिवशी दोन्ही बाजूंचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसले होते. भांडण पेटल्यावर माणसांना एकमेकांपासून दूर जायला जागाच उरली नाही. कोलकात्यात दर वर्षी १६ ऑगस्टला त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान शिबिर भरते.

त्यानंतर पुष्कळ गोष्टी बदलल्या. १९८४ मध्ये सॉल्ट लेकचे भव्य स्टेडियम उभे राहिले; विवेकानंद युवभारती क्रीडांगण हे त्याचे अधिकृत नाव. तेथेही सुरुवातीला गर्दीला धरबंध नव्हता. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य फेरीतील डर्बीला १ लाख ३१ हजारांवर प्रेक्षक लोटले होते. तो सामना बायचुंग भुतियाच्या तीन गोलांच्या जोरावर ईस्ट बेंगॉलने ४-१ असा जिंकला. आज एवढी माणसे आत घेताच येत नाहीत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापूर्वी स्टेडियमचे नूतनीकरण झाले, प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची आली आणि क्षमता ७० हजारांच्या आत आली. दोन्ही क्लबांच्या समर्थकांसाठी वेगवेगळ्या गॅलऱ्या आणि वेगवेगळी प्रवेशद्वारे असतात, तपासणी कडक असते आणि बंदोबस्त इतका मोठा लागतो की, तो मिळाला नाही तर सामनाच हलवला जातो, हे वरच्या उत्तरात आले आहेच.

माझे मत विचाराल, तर पाठवावे. मात्र काही अटी घालण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. सामना संपताच दाराकडे धावायचे नाही. अर्धा तास जागेवर बसून राहायचे आणि जिना मोकळा झाल्यावर उतरायचे, कारण चेंगराचेंगरीचा धोका खेळ चालू असताना असतो त्याहून जिन्यावर आणि दाराशी अधिक असतो. मेट्रोची शेवटची गाडी केव्हा आहे ते आधी पाहून ठेवायचे. स्टेडियममध्ये मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. सामना संपल्यावर दीड-दोन तास फोन लागला नाही, तर आपणही घाबरून त्याच्या सगळ्या मित्रांच्या घरी फोन करायचे नाहीत. ही शेवटची अट आपल्यासाठी आहे.

प्रश्न : आमच्या कंपूत काही जण मोहन बागानचे, काही ईस्ट बेंगॉलचे आणि एक केवळ रसगुल्ल्यासाठी येणारा आहे. सर्वांना एकत्र बसता येईल का? आपापल्या जर्सी घालाव्यात का? आणि मैदान नीट दिसेल अशी जागा कोणती?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : एकत्र बसता येईल; पण मग तुमच्यातील निम्म्यांनी नव्वद मिनिटे तोंडाला कुलूप घालावे लागेल. तिकीट काढतानाच ती गॅलरी कोणत्या क्लबाची आहे हे ठरलेले असते. मोहन बागानच्या हिरव्या-मरून गर्दीत लाल-पिवळी जर्सी घालून बसणे हे धाडस नव्हे, शेजाऱ्यांना दिलेला त्रास आहे. १९८० साली काय झाले ते वर वाचलेच असेल. दोन पर्याय उरतात. दोन गट करून दोन गॅलऱ्यांत बसावे आणि रात्री खोलीवर भेटावे, किंवा सर्वांनी साधे कपडे घालून एका गॅलरीत बसावे आणि पराभूत पक्षाने आपले दुःख गिळावे. रसगुल्लेवाल्याला मात्र कोणत्याही गॅलरीत बसवा, तो सुखी राहील.

या निष्ठेचे मूळ ठाऊक असले, तर ही शिस्त जाचक वाटणार नाही. मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड ही मानाची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या अकरांपैकी एकाच खेळाडूच्या पायांत बूट होते. ईस्ट बेंगॉल १९२० चा, आणि फाळणीनंतर पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या लाखो निर्वासितांना त्या नावात आपले गाव दिसले. त्यामुळे पश्चिमेकडचे मूळ रहिवासी, म्हणजे ‘घोटी’, बागानचे आणि पूर्वेकडून आलेले ‘बांगाल’ ईस्ट बेंगॉलचे, अशी वाटणी रूढ झाली. ती स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि बागान जिंकला की कोळंबी, ईस्ट बेंगॉल जिंकला की हिल्सा असा बेत ठरू लागला. (हिल्सा आपल्यालाही परका नाही. भरूचजवळ भाडभूतला नर्मदेच्या मुखाशी पावसाळ्यात तो जाळ्यात येतो.) तरीही ही वाटणी पोलादी नाही. बागानचा ज्याला ‘चीनची भिंत’ म्हणत, तो बचावपटू गोष्ठ पाल फरीदपूरकडचा, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळवून देणारा कर्णधार चुनी गोस्वामी किशोरगंजमध्ये जन्मूनही आयुष्यभर बागानकडूनच खेळला. बडोद्याच्या माणसाला तर यातले काहीच वारशाने मिळालेले नाही. आपण आपल्या मर्जीने बाजू निवडली आहे, तेव्हा एका संध्याकाळपुरती ती आवरणे जड जाऊ नये.

जागेबद्दल. या स्टेडियममध्ये मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून बरेच दूर बसतात. खालच्या मजल्यावरील पुढच्या रांगा जवळच्या वाटतात, पण तेथून समोरच्या गोलजवळ काय चालले आहे ते समजत नाही. शिवाय पुढे कोणी झेंडा घेऊन उभा राहिला की संपलेच. मधल्या मजल्यावरची, मैदानाच्या लांबीकडची जागा मिळाली तर दोन्ही संघांची रचना हातावरच्या रेषांसारखी दिसते. गोलामागची जागा स्वस्त असते आणि तेथे आवाज सर्वाधिक असतो. समर्थकांनी रंगवलेले प्रचंड कापड, ज्याला ‘टिफो’ म्हणतात, ते तेथेच उलगडते. ते डोक्यावरून हातोहात मागे सरकवले जाते, तेव्हा खाली बसलेल्यांना दोन-चार मिनिटे रंगाचा वास आणि शेजाऱ्याची कोपरे एवढेच काय ते कळते. चित्र काय होते, ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पाहायचे.

प्रवेशद्वारावर काय अडवतात, तेही याच ओघात सांगतो. पाण्याची बाटली, पॉवर बँक, हेल्मेट, छत्री, मोठी पिशवी, लायटर आणि पुष्कळदा सुटी नाणीसुद्धा आत नेऊ देत नाहीत. दाराशी जप्त झालेल्या बाटल्यांचा ढीग गुडघ्याएवढा होतो आणि त्याच्या कडेला कोणी टाकलेली एक-दोनची नाणी पायदळी पडलेली असतात. नंतर परत मिळेल या आशेवर काहीही ठेवू नये. मोबाइल, ओळखपत्र, तिकीट आणि नोटा एवढेच खिशात असावे. ऑनलाइन काढलेले तिकीट दाखवून छापील तिकीट खिडकीवरून घ्यावे लागते, असे डर्बीच्या बाबतीत अनेकदा घडते. त्यासाठी आदला दिवस राखून ठेवावा, आणि दाराबाहेर कोणी जादा दराने तिकीट देऊ केले, तर ते खोटे आहे असे धरूनच चालावे.

प्रश्न : आमच्या सहलीतून एक मित्र आरक्षण झाल्यावर माघार घेतो आहे. त्याच्या जागी दुसरा मित्र यायला तयार आहे. तिकिटावरचे नाव बदलता येईल का? आणि माघार घेणाऱ्याला पैसे परत द्यावेत का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. रेल्वेच्या निश्चित तिकिटावरचे नाव आईवडील, भाऊबहीण, मुले आणि पती-पत्नी एवढ्याच नात्यांत बदलून मिळते, तेही गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज केल्यास. मित्राच्या नावावर दुसरा मित्र चालत नाही आणि तसा प्रवास केल्यास तो विनातिकीट प्रवास ठरतो. माघार घेणाऱ्याचे एकट्याचे आसन रद्द करावे आणि येणाऱ्याचे नवे काढावे; दोघे एकाच डब्यात येणार नाहीत, हे आधीच मान्य करावे.

दुसरा प्रश्न पैशाचा दिसतो, पण तो मैत्रीचा आहे, म्हणून त्यावर थोडे परखड लिहितो. जे पैसे रेल्वेने किंवा हॉटेलने परत दिले ते त्याचे त्याला द्यावेत. जे कापले गेले ते त्याने सोसावेत. आणि खोलीचे भाडे आता उरलेल्यांवर जास्त पडणार असेल, तर त्याने फरकाची रक्कम न मागता देऊ करावी. त्याने देऊ केल्यावर ती घ्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. आजारपण किंवा घरातले संकट असेल, तर यातले काहीही लागू करू नये. पुढच्या वेळी हा नियम पैसे गोळा करण्याआधीच व्हॉट्सअॅपच्या गटावर लिहून टाकावा आणि हिशेब एकाच माणसाकडे ठेवावा, शक्यतो ज्याला हिशेब ठेवण्याचा कंटाळा नाही त्याच्याकडे. जो सर्वांत उत्साही असतो, तो बहुधा पावत्या हरवणाराही असतो. सामन्याचे तिकीट हा या साऱ्या खर्चातला सर्वांत लहान आकडा असतो, त्यामुळे वाद त्यावरून होत नाहीत. ते रात्रीच्या टॅक्सीवरून आणि जेवणाच्या बिलावरून होतात.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी आणि दोघे मित्र जाणार आहोत. महिलांना हा सामना पाहणे सुखाचे होईल का?
— एक वाचक, अलकापुरी

उत्तर : होईल. डर्बीला मुली आणि बायका मोठ्या संख्येने येतात, काही घरांतल्या तर तीन पिढ्या एकत्र येतात. महिलांच्या फुटबॉललाही तेथे चाहते आहेत. ईस्ट बेंगॉलच्या महिला संघाने २०२४-२५ ची इंडियन विमेन्स लीग जिंकली, तेव्हा क्लबाने तिचाही जल्लोष केला. महिलांच्या तपासणीची रांग वेगळी असते आणि सहसा लवकर सरकते. पलीकडच्या बाजूला मित्रांची वाट पाहावी लागेल, तेव्हा भेटण्याची खूण आधी ठरवा. स्वच्छतागृहाकडे मध्यंतराची शिटी होण्याच्या पाच मिनिटे आधी जावे, नंतर जाण्यात अर्थ नाही. गोलामागची जागा टाळून लांबीकडची घ्यावी. घोषणांत शिव्याही असतात, आणि बंगाली समजत नसल्याचा तेवढाच एक फायदा आहे.

प्रश्न : वयोमानामुळे मला कोलकात्यापर्यंतचा प्रवास झेपणार नाही. पण नातवाला टीव्हीबाहेरचा फुटबॉल एकदा दाखवावा असे वाटते. जवळपास असा सामना कोठे पाहता येईल?
— एक आजोबा, मांडवी

उत्तर : कोल्हापूरला जावे. तेथील राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की पेठापेठांतून माणसे लोटतात, आणि तालमींनी कुस्तीइतकाच फुटबॉल कसा जोपासला, हे नातवाला न सांगता कळते. २०१७ च्या त्याच सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढे तो ईस्ट बेंगॉलकडूनही खेळला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेथे स्पर्धा चालतात. पावसाळ्यात जाऊ नये.

प्रश्न : कोलकात्यात पोचल्यावर सामना रद्द झाल्याचे कळले, तर तेथे फुटबॉलचे म्हणून दुसरे काय पाहावे?
— एक वाचक, सयाजीगंज

उत्तर : ‘मैदान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, शहराच्या मध्यावरील मोकळ्या पटांगणावर जावे. मेट्रोने एस्प्लनेडला उतरून पायी गेले की दोन्ही क्लबांचे तंबू, म्हणजे त्यांची मूळ घरे आणि जुनी मैदाने, एकमेकांपासून फार दूर नाहीत. ईडन गार्डन्ससमोर गोष्ठ पाल यांचा पुतळा आहे. तंबूत क्लबाचा जुना सभासद गाठ पडला आणि तुम्ही बडोद्याहून खास डर्बीसाठी आलात असे सांगितले, तर चहा मिळण्याची शक्यता दांडगी. १९७५ च्या शील्ड अंतिम सामन्याचा, ज्यात ईस्ट बेंगॉलने बागानवर पाच गोल चढवले होते, उल्लेख बागानच्या तंबूत करू नये. पावसाळ्यात गेला असाल, तर कलकत्ता लीगचे छोट्या क्लबांचे सामने याच मैदानांवर चालू असतात. चिखलात घसरणारे खेळाडू, लाकडी बाकांवर शेंगदाणे खात बसलेले म्हातारे जाणकार आणि प्रत्येक चुकीच्या पासला त्यांच्याकडून होणारी कडक समीक्षा, हे सारे हाताच्या अंतरावरून पाहायला मिळते. तेथील बऱ्याच मैदानांवर दिव्यांची सोय नसल्याने सामने दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतात, म्हणून जेवण त्याआधीच उरकून घ्यावे.